विशूची बाही

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढं सरका. गोष्ट हळू आवाजाची आहे, लांबून ऐकली तर अर्धी वाऱ्यावर जाईल. ही गोष्ट उद्याची आहे, अजून घडायची आहे. पण सांगणाऱ्याला काल काय आणि उद्या काय, मी ती घडून गेल्यासारखीच सांगतो. एक सासू, एक सून आणि दोघींच्या मधोमध उरलेला एक उजवा हात, एवढाच पसारा. चित्त द्या, तुम्हाला रिकाम्या हाती उठवणार नाही.

सांगलीत हळदीची एक जुनी वखार होती. व्यापार दुसरीकडे सरकला, पोती गेली, आणि गावातल्या हौशी मंडळींनी तिथं वाद्यवृंदासाठी सभागृह केलं. भिंती लाकडानं मढवल्या, खुर्च्या मांडल्या, सगळं झालं. पण हळद काही गेली नाही. तुळयांच्या सांध्यासांध्यांत ती मुरून बसलेली. मोठे नगारे घुमले, की वरून पिवळी धूळ, अगदी बारीक, दिव्यांच्या झोतात तरंगत खाली यायची. बाहेरगावचे पाहुणे खोकायचे. सांगलीकर म्हणायचे, भंडारा उधळला, आता रंगणार.

या ‘कृष्णाकाठ वाद्यवृंदा’त साठेक माणसं. व्हायोलिनवर निम्मे गोव्याकडचे, ट्रंपेटवर लग्नाच्या बँडात पिढ्या गेलेल्या घरांतले, आणि चेलोच्या पहिल्या खुर्चीवर विश्वंभर कोष्टी, घरातला विशू. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं ते मोठं तंतुवाद्य. भरल्या गळ्याचा माणूस हळू बोलावा तसा त्याचा आवाज. शेजारच्या खुर्चीवर विशूची बायको केतकी, तिचाही चेलोच. दोघांत स्वरलिपीचा स्टँड एक. रिवाज असा, की पहिल्या खुर्चीनं वाजवत राहायचं आणि शेजारच्यानं हात थांबवून पान उलटायचं. इतकी वर्षं केतकीनं पानं उलटली आणि तिला त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

चाळिशीच्या आतच विशूच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग गज तारेवर ठरेना. तेव्हा मिरजेच्या नसरीन मुजावरनं त्याला बाही करून दिली. नसरीन इंजिनियर, पण तिचं लहानपण तंबोऱ्यांच्या कारखान्यांमागच्या गल्लीत गेलं होतं, त्यामुळं यंत्राशीही ती वाद्याशी बोलावं तशी बोलायची.

बाही म्हणजे काय, ते समजून घ्या. तुम्ही कधी नवी कोल्हापुरी चप्पल घातली असेल. आधी ती चावते. मग हळूहळू तुमच्या पायाचा आकार घेते, कुठं दाब जास्त, कुठं कमी, सगळं कातड्यात उतरतं. तशीच ही बाही. खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणारी, तलम, करड्या रंगाची. तिच्यात केसाहून बारीक कृत्रिम स्नायूंचे हजारो धागे. मेंदूकडून हाताला जे हुकूम जातात, त्यांची बारीकशी वीज कातडीवर उमटते. धागे ती ओळखायचे, त्यातला कंप तेवढा गाळायचे आणि उरलेल्या हालचालीला आधार द्यायचे. आणि आधार देता देता त्या धाग्यांना पीळ पडायचा, चपलेला वळण पडतं तसा. हा माणूस गज कसा टेकवतो, कुठं रेंगाळतो, कुठं दम खातो. विशूनं वर्षानुवर्षं ती घातली आणि त्याचा हात तिच्यात उतरला.

मग एका सकाळी विशूचं हृदय थांबलं. बाही राहिली.

दिवसकार्य झाल्यावर केतकीनं ती एकदा सहज, रिकामं घर खायला उठलं म्हणून हातात चढवली आणि चेलो जवळ ओढला. बाही कोमट झाली. आणि केतकीनं काही करण्याआधी तिच्या उजव्या हाताच्या अनामिकेनं चेलोच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या. टक, टक.

स्वयंपाकघरातून ताटली पडल्याचा आवाज आला. विशूची आई, पुष्पलताबाई, दारात येऊन उभ्या.

“कुणी वाजवलं गं ते?”

वाजवायच्या आधी लाकडावर दोन टिचक्या, ही विशूची सवय. लहानपणी आईबरोबर कीर्तनाला जायचा, मांडीवर टाळ घेऊन बसायचा, आणि बुवांनी सुरू करायच्या आधी दोनदा टाळाला नख मारायचा. आई सांगायच्या, “पोटात होता तेव्हापण दोनदाच लाथ मारायचा. तिसरी नाही. मापात.”

त्या दिवसापासून नेम पडला. देवापुढं दिवा लागला, की आई म्हणायच्या, “केतकी, घाल की बाही.” केतकी घालायची. टक, टक. पहिल्या दिवसांत ती पुढं वाजवायचीही. गज आपसूक चालायचा, ती डोळे मिटून घ्यायची, आणि तिला वाटायचं, तो मागं उभा राहून तिच्या हातावर हात ठेवून वाजवतोय. मग ती बाही काढायची तेव्हा स्वतःचा हात तिला उघडा, थंड, परका वाटायचा. म्हणून तिनं वाजवणं सोडलं. नुसत्या टिचक्या ऐकायच्या आणि बाही घडी घालून कपाटात.

असं वर्ष गेलं, वर अर्धं वर्षही गेलं, आणि मार्टिन कुलासो घरी आला.

मार्टिन म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, मडगावचा. समोर उभं राहून छडी हलवणारा तो. चहाबरोबरचा चिवडा त्यानं आधी संपवला. मग म्हणाला, “केतकीबाय, विशूसाठी मी एक रचना करत होतो. ‘उतार’. झाली ती. कार्यक्रम ठरलाय. पहिल्या अर्ध्यात जुनी जर्मन सिंफनी, ती प्रेमाबिमाची, भरपूर रडवणारी. दुसऱ्या अर्ध्यात ‘उतार’. चेलो आणि पूर्ण वाद्यवृंद.”

“चेलो कोण वाजवणार?”

“तुम्ही.”

“मी पानं उलटते, मार्टिनसर.”

“मग बाही घालून वाजवा. विशूला त्याच्या रचनेला तरी येऊ दे.”

केतकीनं आईंकडं पाहिलं. आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तेवढ्यातच म्हणाल्या, “पुढच्या रांगेतली खुर्ची पाहिजे हं मला. खांबामागची नको.”

तालमी सुरू झाल्या आणि घोटाळा कळला. बाहीला कोपराजवळ एक कळ होती, विशू गेल्यापासून बंद. ती बंद असली, की बाही जे शिकली तेवढंच करायची. विशूनं ‘उतार’चे तुकडे घरी एकट्यानं घोटले होते, ते सगळे तिच्यात होते, सुरेख होते. पण एकट्याचे होते. वाद्यवृंद म्हणजे साठ जणांचा श्वास. कुणी कणभर मागं राहतो, कुणी पुढं झुकतो, आणि सगळे सगळ्यांना सांभाळून घेतात. बाही कुणाला सांभाळून घेईना. फ्लूट वाजवणारी ऋजुता एकदा वैतागून म्हणाली, “केतकीताई, विशूदादाला सांग ना, मी अजून जिवंत आहे, मला श्वास घ्यावा लागतो.” बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. कुणी हसलं नाही. मग केतकीच हसली, आणि सगळे हसले.

सर्वांत अवघड जागा मधोमध होती. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. वाद्यवृंद पाण्यासारखा वाहत असतो, चेलो त्यातून चालत पलीकडं निघतो, आणि ऐन मध्यावर थांबतो. सगळं थांबतं. संचालकाची छडीही खाली. स्वरलिपीत तिथं मार्टिननं लिहिलं होतं, ‘चेलोला वाटेल तेव्हा’. बाही दर वेळी तेवढाच वेळ थांबायची आणि सुरू व्हायची. शांतता पिकली की नाही, तिला काय कळणार?

नसरीन तालमीला आली, ऐकलं, आणि केतकीला बाजूला घेतलं. आईही डबा घेऊन आल्या होत्या, त्या आपसूक जवळ आल्या.

“कळ उघडली तर बाही ऐकायला लागेल,” नसरीन म्हणाली. “सगळ्यांचं. तुमचंही. मग अशी अडणार नाही.”

“मग उघड की,” आई म्हणाल्या.

“काकू, ऐकलेलं धाग्यांत मुरतं. आणि जुन्याच्या शेजारी नाही मुरत, जुन्याच्या जागीच मुरतं.”

“त्याची नक्कल काढून ठेव,” केतकी म्हणाली.

“निघाली असती तर तुम्ही म्हणायच्या आधी काढली असती, ताई. जे आहे ते पिळातच आहे. वाचायला गेलं तर पीळ सोडावा लागतो. सोडला की संपलं.” तिनं बाहीवरून बोट फिरवलं. “घरी एकटीनं वाजवलंत तर थोडंथोडं जाईल. पण साठ जण एकदम कानावर आले, तर एकाच संध्याकाळी बराचसा विशूदादा जाईल.”

आईंनी डब्याचं झाकण लावलं. इतकं घट्ट, की नंतर ते कुणालाच उघडेना. “मग कळ बंदच राहू दे,” त्या म्हणाल्या. “वाजलं तसं वाजलं.”

केतकीलाही तेच हवं होतं. आणि तरी रोज तालमीहून घरी येताना तिला वाटायचं, ज्या रचनेसाठी तो आसुसला होता, तिच्यात आपण त्याला बहिरा करून बसवतोय.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी आईंनी तिला हरिपूरला नेलं. मारुतीच्या देवळात हरिनामाचा सप्ताह चालू होता आणि दुपारचा वीणेचा पहारा आईंचा होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह उठेपर्यंत देवापुढची वीणा जमिनीला टेकत नाही आणि तिचा झणकार थांबत नाही. गळ्यात वीणा घालून एकानं उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं. त्याचा पहारा संपला, की दुसऱ्याच्या गळ्यात.

आधीचा पहारा गोविंदआबांचा होता. दम्याचे, वाकलेले. आई समोर जाऊन उभ्या राहिल्या. आबांनी वीणेचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून आईंच्या गळ्यात घातला. पण बोट तारेवरच. छेडत राहिले. आईंनीही बोट तारेवर ठेवलं. काही क्षण एका तारेवर दोन बोटं होती, एक सुरकुतलेलं आणि एक हळदीचं. मग आबांचं बोट निघालं. झणकारात काही फरक पडला नाही. आबा आईंच्या पाया पडले, आई वीणेसकट वाकून आबांच्या पाया पडल्या, आणि आबा खांबाशी बसून गुळपाणी मागू लागले.

केतकी ते बघत उभी राहिली. देवळात दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. बोट केव्हा निघालं, ते तिला दिसलं होतं. ऐकू मात्र आलं नव्हतं.

परतताना दोघी रिक्षात बसल्या. नदीकाठचा वारा लागला तशा आई म्हणाल्या, “आबांचा पहारा कसा झाला?”

“म्हणजे?”

“अगं, त्यांचा झणकार वेगळा असतो. जरा अडखळत. दम्यामुळं. तो मला आवडतो. पण मी त्यांच्यासारखं अडखळत नाही छेडत. मला दमा नाही.”

केतकीला रडू यायला लागलं. “आई, सरळ बोला.”

“सरळच बोलते. रोज संध्याकाळी तुला बाही घालायला लावते, दोन टिचक्या ऐकते आणि तुला उठवते. टिचक्या मारून तो काय करायचा? वाजवायचा. आपण पान मांडतो, पाणी फिरवतो आणि वाढतच नाही. उपाशी ठेवलंय मी त्याला.”

“पण ती कळ उघडली, तर टिचक्याही जातील, आई. तुम्हाला नकोत त्या?”

“नकोत कशा?” आई एकदम चिडल्या. “तू काय दगड समजतेस मला?” आणि मग रिक्षावाल्याला, “अहो, जरा सावकाश घ्या, आम्हाला कुठं आग विझवायची नाहीये.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आई कीर्तनाला नेसायच्या ती जांभळी साडी नेसून, कपाळाला बुक्का लावून, पुढच्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसल्या. जुन्या सिंफनीचा पहिला भाग संपला. रसिक श्वास रोखून बसले, कारण तिथं टाळ्या वाजवायच्या नसतात. आईंनी वाजवल्या. एकट्यांनीच, कडकडून. वर “वा रे वा!” म्हणाल्या. व्हायोलिनवाल्यांनी हसू गिळलं. दुसऱ्या, संथ भागात मात्र त्या डोळे मिटून डोलत राहिल्या, आणि वरून पिवळी धूळ सावकाश त्यांच्या जांभळ्या पदरावर बसत राहिली.

मध्यंतर झालं. केतकीनं पडद्यामागं बाही चढवली. एकटी होती. चेलो जवळ घेतला.

टक, टक.

ती थोडा वेळ ऐकत राहिली, आवाज विरून गेल्यावरही. मग डाव्या हातानं तिनं कोपराजवळची कळ उघडली. काही झालं नाही. बाही तेवढीच कोमट होती. फक्त तिला असं वाटलं, की अंधारात शेजारी झोपलेल्या माणसानं आपल्या हालचालीनं कूस बदलली.

‘उतार’ सुरू झाला. पाणी आलं आधी, व्हायोलिनांमधून, लांबून. मग चेलोनं पाऊल टाकलं. आणि केतकीच्या ध्यानात आलं, की हात ऐकतोय. ऋजुतानं श्वास घेतला तेव्हा गज थांबला, लाडानं थांबला, विशू घरात दारातून तिला आधी जाऊ द्यायचा तसा. ऋजुताचे डोळे चमकले. ट्रंपेटवाले लग्नातल्यासारखे जरा जास्तच फुलले आणि गजानं त्यांना मिश्कीलपणे आवरलं. कोण करत होतं ते? कधी तिला स्पष्ट जाणवायचं, हा तो, हे रेंगाळणं त्याचं. मग पुढच्याच सुरावर हात तिच्या मनातल्या वळणानं वळायचा आणि तिला मागं वळून बघावंसं वाटायचं, की तो आहे ना अजून. नदीच्या मध्याकडं जाता जाता पायांखालची वाळू सरकते, तसा तो सरकत होता. तिला थांबवावंसं वाटलं. पण हात इतका सुखात होता, की थांबवणार कुणाला?

आणि मध्य आला. सगळं थांबलं. मार्टिननं छडी खाली घेतली.

केतकी वाट पाहत होती, त्यानं सुरू करावं म्हणून. बंद बाहीनं आतापर्यंत केव्हाच केलं असतं. उघडी बाही ऐकत होती. ती केतकीची वाट पाहत होती. शांतता पिकली, मग जास्त पिकली. कुणीतरी खुर्ची सावरली. मार्टिनच्या भुवया वर गेल्या. केतकीला स्वतःचा हात हलवता येईना. तिला कळत होतं, की आपण हलवला तर तो आपला असेल, पूर्ण आपला, आणि मग इथं दुसरं कुणी उरणार नाही.

आता कीर्तनाला बसणाऱ्या माणसाची एक खोड सांगतो. बुवा मधेच थांबले, तर श्रोता नुसता बसून राहत नाही. त्याला वाटतं, बुवांनी दम घेतलाय, आता धरून ठेवायचं काम आपलं. पुष्पलताबाईंना कुठं ठाऊक, की ही शांतता लिहिलेली आहे! त्यांना एवढंच दिसलं, की सून अडली.

त्यांनी खुर्चीच्या लाकडी हातावर अनामिकेनं दोन टिचक्या मारल्या.

टक, टक.

साऱ्या वखारीनं त्या ऐकल्या. बाहीनंही ऐकल्या; तिच्या पिळात सर्वांत खोल गेलेली खूण तीच होती. आणि केतकीनं ऐकल्या. गज तारेवर टेकला. बाहीनं टेकवला की केतकीनं, हे नसरीनलाही नंतर सांगता आलं नाही. एका तारेवर दोन बोटं होती आणि त्यांतलं एक सावकाश निघत होतं. झणकारात काही फरक पडला नाही.

चेलो पलीकडच्या काठाला लागला, वाद्यवृंद त्याच्यामागून भरून आला, नगारे घुमले, आणि तुळयांमधून इतकी हळद खाली आली, की पहिल्या रांगेतल्या सगळ्या डोक्यांवर भंडारा झाला. लोक उभे राहिले. तंतुवाद्यवाल्यांनी दाद म्हणून गजांनी स्टँड वाजवले. मार्टिन छडी काखेत मारून नाक पुसत होता.

घरी येताना आई फक्त एवढंच म्हणाल्या, “तो मधला, ट्रंपेटवरचा बँडवाला बरा वाजवतो. त्याला एकदा जेवायला बोलव.”

दुसऱ्या दिवशी देवापुढं दिवा लागला. आई डाळ निवडत बसल्या होत्या, पाठ केतकीकडं. ताटातली डाळ त्यांनी पुन्हा एकदा पसरली. मग म्हणाल्या, “घाल की बाही.”

केतकीनं बाही घातली. चेलो जवळ घेतला. बाही कोमट झाली. केतकी थांबली. आईंचा डाळीतला हातही थांबला.

काही नाही. हात वाट पाहत होता, तिची.

केतकीनं कपाटाकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं, आईंच्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं. मग बाही काढून मांडीवर ठेवली आणि उघड्या हातानं, स्वतःच्या अनामिकेनं, चेलोच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या.

“आला का गं?” आईंनी मान न वळवता विचारलं.

“नाही, आई. मी आहे.”

डाळीतून एक खडा निघाला, तो त्यांनी बाजूला टाकला. पदरानं डोळे पुसले की नाही, ते पाठीमागून दिसलं नाही.

“मग वाजव की,” त्या म्हणाल्या. “आज पूर्ण वाजव. मला घाई नाही.”

कथा इथं टेकवतो. आता तुम्ही उठाल, चपला शोधाल, घरी जाल. जाता जाता एकच मागणं. कधी एखाद्या मैफिलीत, देवळात, नाहीतर तुमच्याच घरात सगळं थांबलं, आणि सुरुवात कुणी करायची ते कुणालाच कळेना, तर त्या शांततेत सांगलीच्या पुष्पलता कोष्टींची एकदा आठवण काढा. पोराचा हात त्यांनी भरल्या सभेत सुनेच्या हातात दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या डाळ निवडायला बसल्या होत्या.